खंडेनवमीनंतरचा घाणा

आमच्या कारखान्याच्या मिश्रणघरात शिरताना लोखंड बाहेर ठेवावं लागे. किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, केसातल्या पिना, सगळं. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी, आणि ठिणगीनंतर पंचनामा. म्हणून आतली अवजारं सगळी पितळेची. आणि पितळ म्हटलं की आपल्या माणसांचा हात चिंचेकडे जातोच. या एका सवयीतून मला डॉक्टरेट मिळाली, कंपनीला पेटंट मिळालं आणि शालिककाकांना मरण मिळालं, असं चौकशी समितीचा अहवाल सांगतो. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत.

कंपनीचं नाव नभशक्ती. काटोलच्या पलीकडे, संत्र्यांच्या बागा संपून माळरान सुरू होतं तिथे आमचा कारखाना. कारखाना जुना, पण आता आम्ही गारपिटीवरची रॉकेटं बनवत होतो. २०३० नंतर फाल्गुन-चैत्रात गारा पडणं हे पाहुणे येण्याइतकं नेहमीचं झालं आणि गावोगावी पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या. ढग भरून आले की शेडीतून रॉकेट सोडायचं, ते ढगात शिरून भुकटी पसरवायचं, आणि गार सुपारीएवढी व्हायची ती ज्वारीच्या दाण्याएवढीच राहायची. गारा खरंच त्यामुळे लहान राहतात का, हा वाद हवामानवाल्यांत अजून चालू आहे. संत्रेवाल्यांत नाही.

माझे बाबा, दौलत ढोक, मिश्रणघराचे मुकादम. रॉकेटचं इंधन म्हणजे रबरात मळलेलं एक मीठ. हे मीठ तापलं की फुटतं आणि ऑक्सिजन सोडतं, त्यावर बाकीचं जळतं. कणीक मळावी तसं ते तासन् तास मळतात. त्या मिश्रणाला आमच्याकडे मसाला म्हणत आणि एका वेळच्या मळणीला घाणा. बाबा नुसत्या वासावरून सांगत की घाणा बरोबर आहे की बिघडला. त्यांच्या जोडीला शालिकराम बावणे, माझे शालिककाका. दोघांनी एका भांड्यावर सव्वीस वर्षं काढली. एक बोलायचा आणि दुसरा फक्त हुं म्हणायचा. बोलणारे अर्थातच काका.

खंडेनवमीला मिश्रणघर बंद असे. आदल्या दिवशी हे दोघं अंगणात बसून भांडं खरवडायच्या सगळ्या पितळी खरवडण्या चिंचेच्या कोळानं घासत, धूत, हळदकुंकू लावत, झेंडू वाहत. पितळ असं लखलखायचं की आई म्हणायची, "घरच्या तांब्याला कधी हात नाई लावत हे माणूस." आणि दसऱ्यानंतरचा पहिला घाणा दरवर्षी जरा जास्तच जोरात जळायचा. कामगार हसून म्हणायचे, देवी पावली.

मी २०३७ मध्ये चाचणी विभागात लागले तेव्हा देवीवर माझा विश्वास नव्हता. मी नऊ वर्षांच्या नोंदी काढल्या. दर वर्षी, दसऱ्यानंतरचा पहिला घाणा, जळण्याचा वेग इतरांपेक्षा जास्त. मग मी बाबांची खरवडणी मागून आणली. मूठ आणि पातं जिथे जुळतं त्या खाचेत, पाण्यानं न निघालेला, हिरवट-निळा थर होता. सुईच्या टोकावर मावेल इतका.

ते काय होतं ते सांगते, फार कठीण नाही. चिंचेतल्या आम्लाच्या रेणूला दोन्ही बाजूंना पकड असते. एका हातानं तो तांब्याचा एक अणू धरतो, दुसऱ्या हातानं दुसरा. त्या दुसऱ्याला पुढचा रेणू धरतो. असं करत करत एक जाळी विणली जाते. रांगोळी आठवा. ठिपके म्हणजे धातूचे अणू, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे आम्लाचे रेणू. अशा जाळ्यांना धातूंचे समन्वयी बहुवारिक म्हणतात. नाव मोठं, पण गोष्ट रांगोळीचीच.

ही जाळी तापली की रेषा जळून जातात आणि ठिपके उरतात, अतिशय बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले. त्या ठिपक्यांवर आमचं मीठ लवकर फुटतं. एरवी त्याला फुटण्यासाठी उष्णतेचा एक डोंगर चढून जावं लागतं. उत्प्रेरक डोंगर हलवत नाही, खिंड दाखवतो. खिंड सापडली की तेच मीठ कमी तापमानाला फुटतं, भराभर फुटतं. रॉकेट हलकं होतं, उंच जातं.

मी बाबांना सांगितलं, "बाबा, देवी नाही पावली. तुमच्या चिंचेनं मसाला लवकर पेटतो."

ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी काकांच्या ओसरीवर जाऊन त्यांनी तीनदा सांगितलं, "शालिक, चिंच आपली, अन् शोध वैजूचा. आयकून राहिला का?"

चिंचेची जाळी हा पहिला धडा होता. तिची खिंड उंचावरच होती, फार काही फरक पडत नव्हता. मी तांब्याच्या जोडीला दुसरा धातू घेतला, चिंचेच्या आम्लाऐवजी नायट्रोजनवाला दुवा बसवला आणि दोन वर्षांत अशी जाळी विणली की तिनं खिंड पार पायथ्याशी आणून ठेवली. रॉकेट दीडपट उंच जाऊ लागलं. आमचे संचालक डॉ. निगुडकर मला म्हणाले, "वैजयंती, लेखात चिंचेचं काढून टाका. कामगार मिश्रणघरात चिंच लावतात हे बाहेर कळलं तर उद्या आपला परवाना जाईल. आणि खरं सांगू? शोध स्वयंपाकघरातून आला म्हटलं की त्याचं वजन कमी होतं."

मी काढलं. पेटंट मिळाल्यावर कंपनीनं ठेवलेल्या माझ्या सत्काराच्या दिवशी बाबा नवीन सदरा घालून पहिल्या रांगेत बसणार होते. त्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं, चिंचेचं कुणाला बोलू नका. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, "नाई बोलत." व्यासपीठावरून मी सांगितलं की ही कल्पना मला परदेशी लेख वाचताना सुचली. समोर बाबा टाळ्या वाजवत होते. मला तेव्हा लाज वाटली नाही, हे लिहिताना वाटते आहे.

आता माझ्या चुकीचं. रॉकेट शेडीत किती वर्षं सुरक्षित राहील हे बघायला कुणी वर्षानुवर्षं थांबत नाही. नमुने मुद्दाम जास्त तापवतात, वेग मोजतात आणि हिशोब मागे आणतात. उष्णतामापक यंत्र एक आलेख काढतं. मीठ फुटू लागलं की रेघ डोंगरासारखी वर जाते. माझ्या नव्या जाळीच्या आलेखात तो मोठा डोंगर होताच, पण त्याच्या कितीतरी आधी, कमी तापमानाला, एक बारीक उंचवटा होता. मुंगीनं वारूळ घालायला घ्यावं एवढा. पाचांपैकी तीन नमुन्यांत होता, दोनांत नव्हता.

निगुडकर म्हणाले, "ओल असेल. नाही का?"

जानेवारी संपत आला होता. फाल्गुनाच्या आत शेडा भरायच्या होत्या. मी म्हणाले, "ओलच असेल." तो भाग आलेखातून छाटला आणि चाळीस अंशांना तीन वर्षं सुरक्षित, या प्रमाणपत्रावर सही केली. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडीत, बंद दाराआड, चाळीस अंश कुणी पाहिलेत? मी याच मातीत वाढले. मला माहीत होतं. कागदावर मात्र चाळीसच लिहायची पद्धत होती आणि मी पद्धतीची झाले.

१४ मे २०४१. दुपारी दीड वाजता धामणखेड्याची शेड पेटली. बाहेर सत्तेचाळीस अंश होते. शालिककाका वर्षभरापूर्वी निवृत्त होऊन तिथे राखणदार लागले होते. घरी बसून काय करू, म्हणायचे. रॉकेटांना उकडत असेल म्हणून ते रोज दुपारी आत जाऊन जमिनीवर पाणी शिंपडत. त्या दिवशीही गेले. आम्ही पोचलो तेव्हा पत्रे वळून पडले होते आणि बादली दाराबाहेर होती, अर्धी भरलेली.

आठवड्याच्या आत निगुडकरांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझी जुनी वही होती, पहिल्या पानावर उघडलेली. चिंचेचं पान. ते त्यांनी चार वर्षं कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे.

"त्या शेडीतली नऊ रॉकेटं खंडेनवमीनंतरच्या घाण्याची होती," ते म्हणाले. "म्हणजे अशुद्धी. कामगारांची अंधश्रद्धा. तुमच्या उत्प्रेरकाला धक्का लागत नाही."

"शेडीत छत्तीस रॉकेटं होती, सर."

"समितीला नऊ पुरतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "प्रमाणपत्रावर सही तुमची आहे. मी तुम्हाला वाचवतोय, एवढं कळू द्या."

श्रेय वाटायच्या वेळी चिंच नको होती. दोष वाटायच्या वेळी तिला सन्मानानं बोलावून घेतलं. आणि मी काय केलं? मी गप्प बसले. बाबा काय म्हणतात ते बघू, ते नाकारतीलच, असं मनाला समजावलं.

बाबांनी नाकारलं नाही. समितीपुढे उभे राहून ते म्हणाले, "हो साहेब, चिंच मीच लावली. सव्वीस वर्षं लावली." कुणी त्यांच्यावर जोर केला नव्हता. माझ्यासाठी त्यांनी ते अंगावर घेतलं, असंही नव्हतं. तसं असतं तर मला रडता तरी आलं असतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. चिंचेनं मसाला लवकर पेटतो, हे त्यांना त्यांच्या शिकलेल्या लेकीनं सांगितलं होतं.

त्यानंतर आमच्या घरात चिंच शिजली नाही. वरणात आमसूल पडू लागलं. खंडेनवमीला बाबांनी विळाकोयता पूजेला काढला नाही. आणि दर सोमवारी सकाळी ते धामणखेड्याला जात, काकांच्या दारासमोर हात जोडून उभे राहत. कौसल्याकाकू खिडकीतून बघायच्या आणि कडी लावून घ्यायच्या. बाबा तासभर थांबून परत यायचे. आई विचारायची, "उघडलं का?" ते मान हलवायचे. असं वर्षभर चाललं. माणूस आतून कसा खचत जातो ते मी जेवणाच्या ताटावर रोज पाहत होते आणि रोज भाजी वाढत होते.

कारण मला जूनमध्येच कळलं होतं. मी दोन्ही नमुने पासष्ट अंशांच्या भट्टीत ठेवले होते. एकात बाबांच्या खाचेतला चिंचेचा थर, एकात माझी जाळी. चिंचेवाला महिनाभर तसाच राहिला. माझा अकराव्या दिवशी फुगला, आणि तो बारीक उंचवटा डोंगर झाला. ओल नव्हती. खिंड मी इतकी खाली आणली होती की मिठाला काडी लावायचीही गरज उरली नव्हती. विदर्भाचा मे महिना पुरत होता.

हे कळल्यावर मी दहा महिने गप्प बसले. पहिल्यांदा भीतीनं. मग सवयीनं. पावसाळ्यात शेडा रिकाम्या होत्या, म्हणजे घाई नाही, अशी सबब होती. मार्चमध्ये शेडा पुन्हा भरल्या, चाळीस गावांत. नवी रॉकेटं, चिंचमुक्त. मिश्रणघराबाहेर फलक लागला: चिंच, लिंबू, हळद-कुंकू आत नेण्यास सक्त मनाई. माझ्या जाळीवर कसलीही मनाई नव्हती.

मी स्फोटकांच्या सरकारी निरीक्षकांना पत्र लिहिलं, सगळे आलेख जोडले, आणि ते मोबाईलमध्ये तसंच ठेवून दिलं. पाठवायच्या आधी बाबांना सांगून पटवायचं होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी ते पत्र दाखवून सांगितलं. काकांचा जीव तुमच्या चिंचेनं नाही गेला, माझ्या पदार्थानं गेला.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी कायले खोटं बोलून राहिली पोरी?"

"खोटं नाही, बाबा."

"तू खोटं चांगलं बोलते. स्टेजवर बोलली होती ना? मी समोरच होतो." रागानं नव्हे, मायेनं म्हणाले. त्या मायेनं मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

शब्दांवर त्यांचा भरवसा नव्हता, तर नाकावर होता. मी चाचणीचे उरलेले, न तापवलेले दोन काप घरी आणले, नखाएवढे. नियमानं हा गुन्हाच, पण माझ्या खात्यावर त्याहून मोठे होते. एक चिंचेच्या थराचा, एक माझा. दोन डब्यांत घालून गोठ्याच्या पत्र्यावर ठेवले, घरापासून लांब, आणि कोणत्या डब्यात काय आहे ते बाबांना दाखवून म्हटलं, खूण तुम्हीच करा. त्यांनी चिंचेच्या डब्यावर कुंकवाचं बोट लावलं. मला बरं वाटावं म्हणून करत होते ते सगळं.

चौदा दिवस ऊन तापलं. पंधराव्या दिवशी, सोमवारी, धामणखेड्याला निघायच्या आधी मी डबे खाली उतरवले. बाबा उकिडवे बसले. आधी कुंकवाचा डबा उघडला, काप बोटानं दाबला, वास घेतला. "घाणा बरोबर हाये," ते आपोआप म्हणाले. सव्वीस वर्षांची सवय. मग दुसरा उघडला. काप फुगून तडकला होता, कडा काळ्या पडल्या होत्या, आणि तो आंबट, नाकात चावणारा वास मलाही उभ्या उभ्या आला. बाबांनी डबा नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. फार वेळ.

मी वाट बघत होते. वर्षभराचं ओझं उतरेल, ते माझ्याकडे बघतील, रागावतील, मारतील, पण मोकळे होतील, असं मला वाटत होतं. मी मूर्ख होते.

"हे तुले कधी समजलं?" त्यांनी विचारलं.

"मागच्या जूनमध्ये."

त्यांनी बोटांवर मोजलं. मी पाहिलं, महिने मोजत नव्हते. सोमवार मोजत होते.

"मी दर सोमवारी जात होतो," ते म्हणाले. "तू मले डबा भरून देत होती."

मी जमिनीवर पडलेलं झाकण उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"शालिक माझ्या हातून गेला, हे मी सोसलं वैजू. सोसता येत होतं. थो माझा दोस्त होता, मले माफ करन कधीतरी. लेकीच्या हातून गेला, अन् लेकीनं लपवलं, हे कसं सोसू? कायले दाखवलं मले? माझ्या अंगावर होतं थेच बरं होतं." मग डब्याचं झाकण लावलं, नीट, मिश्रणघरात लावत तसं. "अजून किती शेडीत हाये हे?"

"चाळीस."

"चाळीस राखणदार," ते म्हणाले. "आधी चिठ्ठी पाठव. इथंच. माझ्यासमोर."

मी अंगणात उभी राहून पत्र पाठवलं. वीस मिनिटांत निगुडकरांचे फोन सुरू झाले. मी एकही उचलला नाही. शेडा उतरवायचे आदेश दुपारपर्यंत निघाले, हे मला नंतर कळलं. आदेशात कारण लिहिलं होतं, खबरदारी. अहवालात अजूनही चिंचच आहे, दौलत ढोक यांच्या कबुलीजबाबासह. नंतर मी दिलेल्या जबाबाला वजन नाही, असं समितीनं कळवलं, कारण तो त्यांच्या मुलीचा आहे.

पण ते नंतर. त्या वेळी बाबांनी फोनकडे बघितलंही नाही. खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, "चप्पल घाल."

आम्ही धामणखेड्याला पोचलो. काकांच्या घरासमोर नेहमीच्या जागी, जिथे त्यांच्या पायांनी गवत उगवू दिलं नव्हतं, तिथे त्यांनी पाठीवर हात ठेवून मला उभं केलं. खिडकीत कौसल्याकाकूंचा चेहरा दिसला. हात कडीकडे गेला. दोन माणसं बघून तो थबकला.

बाबांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला आणि चार पावलं मागे, रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"वयनी," ते म्हणाले, "आज मी नाई आलो. ही आली."